‘नो डिस्क’च्या नानाची टांग!

मंडळी, माळा आवरायचा सीझन सुरू झाला की माझा मेलबॉक्स भरायला लागतो. तुम्हाला वाटेल, नवा फोन कुठला घेऊ, इअरबड्स कुठले चांगले, असलं काहीतरी असेल. छे! सगळे विचारतायत डीव्हीडीबद्दल. हो हो, तीच ती चकचकीत तबकडी, जिच्यावर सध्या आपण चहाचा कप ठेवतो.

‘ताईच्या लग्नाची डीव्हीडी सापडली. बाबांच्या प्लेयरमध्ये टाकली तर ‘नो डिस्क’ येतंय. माझ्या लॅपटॉपला ड्राइव्हच नाही. फेकून देऊ का?’ थोड्याफार फरकानं सगळ्यांचा मजकूर हाच. कुणाची मुंज, कुणाचं गॅदरिंग, कुणाच्या आजीचं सहस्रचंद्रदर्शन. २००३ ते २०१० या काळात घरात जे जे काही मंगल घडलं, ते सगळं व्हिडिओवाल्यानं किंवा हौशी मामानं डीव्हीडीवर ‘मारून’ दिलेलं. आणि आज त्याची दुसरी कॉपी कुणाकडेच नाही.

तर सगळ्यात आधी एक गोष्ट ठणकावून सांगते. फेकू नका! ‘नो डिस्क’ याचा अर्थ एवढाच, की या प्लेयरला ही डिस्क ओळखता आली नाही. आत ताई आहे की नाही, हे त्या बिचाऱ्याला माहीतच नसतं.

मुळात लोचा कुठे आहे?

डीव्हीडी प्लेयर जपानच्या बाजारात आला नोव्हेंबर १९९६मध्ये. तो बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होती कारखान्यात छापलेली सिनेमाची डिस्क. घरच्या घरी डीव्हीडी मारायचा रायटर कॉम्प्युटरमध्ये बसला तो थेट २००१मध्ये. त्या वर्षी ॲपलनं पायोनियरचा रायटर आपल्या पॉवर मॅकमध्ये घातला आणि ‘सुपरड्राइव्ह’ म्हणून मिरवला. म्हणजे प्लेयर आधी, मारलेली डिस्क नंतर. घरात सून आली आणि सासूबाईंना तिची भाषाच कळेना, तशातला प्रकार!

त्यात कंपन्यांची भांडणं. एका पार्टीनं काढली डीव्हीडी मायनस आर, दुसऱ्या पार्टीनं डीव्हीडी प्लस आर. दोन्ही दिसायला सारख्या, दोन्हींवर ४.७ जीबी लिहिलेलं, पण सुरुवातीच्या रायटरला एकच चालायची. सोनीनं २००२मध्ये दोन्ही मारणारा रायटर आणला तेव्हा कॉम्प्युटरवाल्यांचं टेन्शन गेलं. हॉलमधल्या प्लेयरचं मात्र तसंच राहिलं. कुणी मायनस वाचायचा, कुणी प्लस, कुणी मूड असेल ते.

छापील डिस्कमध्ये माहितीचे खड्डे साच्यातूनच आलेले असतात. मारलेल्या डिस्कमध्ये असतो रंगाचा एक पातळ थर आणि रायटरचा लेसर त्यावर डाग पाडत जातो. प्लेयर काय करतो, तर लाल लेसर टाकतो आणि परत येणारा उजेड मोजतो. छापील एकपदरी डिस्क त्यातला जवळपास निम्मा किंवा त्याहून जास्त उजेड परत पाठवते. पुन्हा पुन्हा पुसता येणारी आरडब्ल्यू डिस्क पाठवते जेमतेम १८ ते ३० टक्के. जुन्या प्लेयरला एवढ्यात भागत नाही, तो हात वर करतो. म्हणूनच तेव्हा आरडब्ल्यूवर मारून ठेवलेलं बरंच काही घरच्या प्लेयरवर कधी लागलंच नाही.

मग तीच डिस्क कॉम्प्युटरवर कशी चालते? कारण कॉम्प्युटरचा ड्राइव्ह चिकट असतो. वाचता आलं नाही तर स्पीड कमी करून पुन्हा वाचतो, पुन्हा वाचतो. प्लेयरला तेवढी सवड नसते. त्याला सेकंदाला २५ चित्रं टीव्हीवर पाठवायची असतात, एखादी जागा अडली की गडी गारद.

काका आणि तीन छोट्या डिस्क

आता एक खरी केस सांगते, कारण यात जवळजवळ सगळेच घोळ एका जागी आहेत.

माझ्या ऑफिसातल्या एका मित्राच्या आजीचं सहस्रचंद्रदर्शन २००७मध्ये सांगलीला झालं होतं. आजी २०१२मध्ये गेल्या. मित्राच्या आत्येभावानं त्या दिवशी हँडीकॅमवर शूटिंग केलेलं. तो हँडीकॅम टेपचा नव्हता, थेट छोट्या डीव्हीडीवर रेकॉर्ड करणारा होता. आठ सेंटिमीटरच्या, १.४ जीबीच्या, एकीवर साधारण अर्धा तास मावेल अशा तीन डिस्क. कॅमेरा कधीच विकून टाकलेला. डिस्क राहिल्या शोकेसमध्ये, आजींच्या फोटोशेजारी.

मित्राचे वडील, म्हणजे काका, रिटायर्ड आहेत आणि हॉलमधल्या त्यांच्या डीव्हीडी प्लेयरवर त्यांचा फार जीव. प्लेयर म्हणाला ‘नो डिस्क’. मित्रानं बाहेरून लावायचा यूएसबी ड्राइव्ह आणला, तर लॅपटॉप म्हणाला डिस्क कोरी आहे. एका दुकानात दाखवली, तिथल्या माणसानं बघून न बघितल्यासारखं केलं आणि सांगितलं, ‘ब्लँक आहे साहेब, काही नाही यात.’

काका मला म्हणाले, ‘अगं, कोरी कशी असेल? मी स्वतः टीव्हीला वायर लावून कॅमेऱ्यातून बघितलंय त्या वेळी. आई लग्न होऊन मुंबईला आली तेव्हाच्या गोष्टी सांगत होती.’

मी डिस्क खिडकीशी नेऊन तिरकी धरली. मारलेल्या डिस्कची ही सगळ्यात सोपी तपासणी आहे, फुकटातली! रेकॉर्डिंग मधल्या भोकापासून बाहेरच्या बाजूला होत जातं आणि जिथपर्यंत झालंय तिथपर्यंतची छटा वेगळी दिसते. पहिल्या डिस्कवर जांभळ्या रंगात चक्क गोल सीमारेषा होती. म्हणजे आत माल आहे.

मग ‘कोरी’ का दाखवते? कारण ती फायनलाइज केलेली नव्हती. तेव्हाचे हँडीकॅम आणि टीव्हीला जोडायचे डीव्हीडी रेकॉर्डर रेकॉर्डिंग करत जायचे, पण आत कुठे काय आहे याची शेवटची अनुक्रमणिका डिस्कवर लिहायचं काम वेगळं, मेन्यूत जाऊन ‘फायनलाइज’ दाबल्यावर व्हायचं. लग्नघाईत ते कोण करतो? कॅमेऱ्याला स्वतःची डिस्क वाचता यायची, म्हणून तेव्हा सगळं छान दिसलं. बाकीच्या जगाच्या दृष्टीनं ती डिस्क अर्धवट.

अशा वेळी सगळ्यात मोठा धोका म्हणजे आपली घाई. अर्धवट डिस्क घातल्यावर कॉम्प्युटर मदत करायला धावतो: ‘ही डिस्क कशी वापरायची आहे? फॉरमॅट करू का?’ सरळ कॅन्सल करा! डिस्क आरडब्ल्यू असेल तर एका क्लिकमध्ये आजी पुसल्या जातील. आणि छोटी डिस्क ट्रे बाहेर येणाऱ्या ड्राइव्हमध्येच घाला, आतल्या छोट्या खाचेत बसवून. फटीतून गिळणाऱ्या ड्राइव्हमध्ये किंवा कारच्या स्टीरिओत घातलीत, तर ती तिथेच अडकून बसेल.

आम्ही आयसोबस्टर नावाचं सॉफ्टवेअर वापरलं. ते अनुक्रमणिकेची वाट न बघता थेट डिस्कवरचा मजकूर चाळतं आणि व्हिडिओचे तुकडे शोधून काढतं. फाइली बाहेर काढायला लायसन्स विकत घ्यावं लागतं. पहिली डिस्क चाळीसेक मिनिटांत आख्खी हार्ड डिस्कवर आली. दुसरीला आमचा ड्राइव्ह हातच लावेना. मग मित्राच्या एका नातेवाइकाच्या माळ्यावरून त्याच कंपनीचा जुना हँडीकॅम मिळवला, त्यात ती दिसली आणि मग कॅमेऱ्यातच फायनलाइज केली. क्रम लक्षात घ्या. फायनलाइज करणं म्हणजे जुन्या डिस्कवर जुन्या लेसरनं नव्यानं लिहिणं. म्हणून आधी नुसतं वाचून कॉपी होते का ते बघायचं, ते नाहीच जमलं तर हा उपाय.

तिसरी डिस्क गेली. शोकेसला पश्चिमेची खिडकी, आणि ही डिस्क सगळ्यात पुढे, उताणी ठेवलेली. तो रंगाचा थर ऊन सोसत नाही. पहिली नऊ मिनिटं मिळाली, पुढे नुसते चौकोन. काकांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘नऊ तर नऊ. पण मला ते मोबाइलवर नको दाखवूस हं. हॉलमध्ये लाव.’

म्हणजे आता उलटा प्रवास! फाइल हातात आहे आणि ती हट्टी प्लेयरला पचेल अशी डिस्क मारायची आहे. त्याकडे येतेच, पण त्याआधी तुमची डिस्क नक्की कुठल्या आजाराची आहे ते बघू.

रोग डिस्कचा की प्लेयरचा?

प्लेयरमध्ये आधी विकतची, छापील सिनेमाची डिस्क घाला. तीही लागली नाही, तर तुमच्या डिस्कचा काही दोष नाही. प्लेयरच्या भिंगावर धूळ बसलीय किंवा लेसर म्हातारा झालाय. मुंबई-कोकणच्या दमट हवेत भिंगावर थर जमणं काही नवीन नाही. प्लग काढून, झाकण उघडून, कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब घेऊन हलक्या हातानं पुसा. छापील लागते, मारलेलीच लागत नाही? मग लेसर थकलाय आणि कमी उजेडाची डिस्क त्याला झेपत नाही, किंवा डिस्कचा प्रकार, फॉरमॅट, वय यात कुठेतरी गडबड आहे. छान सुरू होऊन तासाभरानं, नेमकी सप्तपदीला अडकते? मग बाहेरची कड बघा. डिस्क आतून बाहेर मारली जाते, आणि काठोकाठ भरलेल्या डिस्कची कड हा तिचा सगळ्यात कच्चा भाग.

डिस्क धुवायची असेल तर साधं पाणी, भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब आणि मऊ सुती कापड. पुसायची मधून बाहेर, सरळ रेषेत. गोल गोल पुसलीत तर पडणारा चरा ट्रॅकच्या बरोबरीनं जातो आणि तो जास्त घातक. टूथपेस्टचे प्रयोग प्लीज नकोत, दातांसाठी ठेवा.

मग यूएसबी ड्राइव्ह लावून आत काय आहे ते बघा. विंडोज ८पासून मायक्रोसॉफ्टनं डीव्हीडी दाखवायची आयती सोय काढून टाकली आहे, तेव्हा ‘चालत नाही’ म्हणून लगेच रडू नका, व्हीएलसी टाका. आत ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचा फोल्डर दिसला तर ती शिस्तीत बनवलेली डीव्हीडी आहे, प्लेयरवर चालायला हवी. ‘डीव्हीडी_आरटीएव्ही’ दिसला तर ती घरगुती रेकॉर्डरच्या वेगळ्याच फॉरमॅटमधली आहे. फार थोड्या प्लेयरना ती कळते, पण आतला व्हिडिओ ठणठणीत असतो. नुसत्या एव्हीआय किंवा एमपी४ फाइली दिसल्या, तर ती व्हिडिओ डीव्हीडी नाहीच, डेटा डिस्क आहे. ज्या प्लेयरवर ‘डिव्हएक्स’ किंवा ‘एमपीईजी-४’ असा स्टिकर आहे तो त्यातल्या काही खाईल, बाकीचे तोंड फिरवतील.

काहीही दिसो, आधी आख्खी डिस्क कॉपी करून घ्या. मध्येच अडली तर दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये टाकून बघा. एकाला न वाचलेला भाग दुसरा वाचतो, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता मी दोन ड्राइव्ह बाळगते. लिनक्सवाल्या दोस्तांसाठी डीडीरेस्क्यू आहेच, ते दोन ड्राइव्हमधून मिळालेले तुकडे एकाच फाइलमध्ये जोडत जातं.

काकांसाठी डिस्क मारताना

डीव्हीडी मारताना लोक सगळ्यात जास्त गंडतात ते विंडोजच्या एका प्रश्नावर. कोरी डिस्क घातली की विंडोज विचारतं, हिला पेन ड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेयरसाठी? पेन ड्राइव्हवालं पहिलं असतं, सोपंही वाटतं, आणि तशी डिस्क घरच्या प्लेयरवर हमखास लागत नाही. पण दुसरा पर्याय घेऊन त्यात नुसती मोबाइलची एमपी४ फाइल टाकली, तरी ती व्हिडिओ डीव्हीडी होत नाही! जुन्या प्लेयरला हवा असतो एमपीईजी-२ व्हिडिओ, आपल्याकडच्या पॅल पद्धतीचा, ७२० बाय ५७६चा, आणि तोही त्या ‘व्हिडिओ_टीएस’ फोल्डरच्या शिस्तीत. हे काम डीव्हीडी स्टायलर नावाचं फुकट सॉफ्टवेअर करतं. तयार फोल्डर डिस्कवर मारायला इमगबर्न. त्याची शेवटची आवृत्ती २०१३मधली आहे, तरी अजून काम चोख करतं.

डिस्क कुठली? प्लेयर फार जुना असेल तर मायनस आर घ्या, आरडब्ल्यूच्या वाट्याला जाऊ नका. फक्त प्लस आरच मिळाली, तर एक गंमत आहे. बऱ्याच रायटरवर तिच्या कपाळावर ‘मी डीव्हीडी-रॉम आहे’ असं लिहिता येतं. याला बुकटाइप बदलणं म्हणतात. जुना प्लेयर ती छापील आहे असं समजून मुकाट्यानं वाचतो. मायनस आरच्या कपाळावरचं मात्र कारखान्यातच लिहिलेलं असतं, ते बदलता येत नाही.

डबा घेताना जरा बघून घ्या, कारण हा धंदाच आता आवरत आलाय. ग्रेटर नॉयडाच्या मोझर बेअरच्या डिस्क एके काळी आपल्या प्रत्येक ड्रॉवरमध्ये असायच्या, ती कंपनी २०१८मध्ये दिवाळखोरीत निघाली. ज्यांच्या डिस्कवर जाणकार डोळे मिटून विश्वास ठेवायचे त्या जपानच्या तैयो युडेननं २०१५मध्ये हे काम थांबवलं. सोनीनं तर फेब्रुवारी २०२५मध्ये मारता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कही बंद केल्या. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत जुना स्टॉक सापडलाच, तर उघडा, उन्हात पडलेला डबा घेऊ नका. सीलबंद घ्या, दोन-तीन डिस्क मारून बघा, मग बाकीच्यांचा विचार.

मारताना स्पीड. डिस्कवर १६एक्स लिहिलंय म्हणून १६एक्सवर मारायलाच हवी असं नाही. त्या स्पीडला बाहेरच्या कडेला डिस्क मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या आसपास फिरत असते. ८एक्सवर मारा, दोन-तीन मिनिटं जास्त जातील, तेवढ्यात चहा होतो. अगदी २एक्सवर मारली म्हणजे अजून चांगली, हा मात्र गैरसमज. १६एक्सच्या डिस्क त्या स्पीडसाठी बनवलेल्याच नसतात. दीड तासापेक्षा जास्त कोंबू नका, कड मोकळी सोडा. ४.७ जीबी लिहिलेल्या डिस्कवर कॉम्प्युटरच्या हिशेबानं ४.३७च मावतात, तेव्हा ‘थोडंसं राहिलं, बसेल’ असं म्हणू नका. फायनलाइज झालीय ना बघा, ‘व्हेरिफाय’ची टिक ठेवा. आणि फोटोवाला सुंदर कागदी स्टिकर चिकटवू नका. तो एका बाजूला जरी फुगला तरी डिस्क डगमगते, आणि प्लेयरमध्ये सुटला तर दोघांचीही वाट. नाव लिहायचं तर सीडीसाठीच्या पेननं, भोकाजवळच्या पारदर्शक कड्यावर.

काकांची डिस्क मी मायनस आरवर, ८एक्सनं, एकोणसत्तर मिनिटांची मारली. पहिल्या फटक्यात लागली. आजी टीव्हीवर आल्या आणि काकांनी आवाज एवढा वाढवला की शेजारच्या काकू विचारायला आल्या.

मूळ फाइल मात्र डिस्कच्या भरवशावर ठेवू नका. ती एका हार्ड डिस्कवर आणि दुसऱ्या कुणाच्या तरी घरी, किंवा क्लाउडवर. नवी मारलेली डीव्हीडी ही फक्त हॉलमध्ये बसून बघायची कॉपी, खराब झाली की दुसरी मारायची.

प्लेयरला यूएसबीचं भोक असेल तर डिस्कचा खटाटोप टाळताही येतो. पेन ड्राइव्ह एफएटी३२मध्ये फॉरमॅट करा. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, हे लक्षात ठेवा. फाइल एक्सव्हिडच्या एव्हीआयमध्ये बदलून घ्या, कारण मोबाइलची एमपी४ जुन्या प्लेयरला बहुतेक वेळा कळत नाही.

राहता राहिला न्यू जर्सीच्या मावशींचा प्रश्न. हो, असाही एक मेल आलाय! मावशींना पाठवलेली डीव्हीडी तिकडे लागत नाही, रीजन कोडमुळे का? नाही. घरी मारलेल्या डिस्कला सहसा रीजन कोड नसतोच. आपली डिस्क पॅल, तिकडची पद्धत एनटीएससी, आणि तिकडचे बरेच प्लेयर पॅल दाखवत नाहीत. आपले बहुतेक प्लेयर एनटीएससी दाखवतात, म्हणून उलट्या दिशेनं हा त्रास फारसा होत नाही. डीव्हीडी स्टायलरमध्ये प्रोजेक्ट सुरू करतानाच एनटीएससी निवडा आणि त्यांच्यासाठी वेगळी प्रत मारा. किंवा सरळ फाइल पाठवा, मावशी काकांएवढ्या हट्टी नसतील तर!